सामाईक रूळ आधी ठरव

मिश्र गेजचा क्रॉसओव्हर करायचा म्हणतोस, तर कर. पण त्रिज्या किती, कोन किती, मोटर कुठली हे प्रश्न आज काढू नकोस. आज एवढंच ठरव, की दोन्ही गेजच्या गाड्यांचा सामाईक रूळ कोणत्या बाजूला टाकणार. ते ठरलं की निम्मं ड्रॉइंग झालं म्हणून समज. ते न ठरवता रेघा ओढायला बसलास, तर शेवटी प्लॅटफॉर्म एकीकडे आणि मीटरगेजचा डबा दुसरीकडे अशी गत होते. तोवर रूळ डकवून झालेले असतात, आणि सोल्डर केलेला रूळ उखडताना वाकल्याशिवाय निघत नाही.

तीन रुळांना नावं देऊ, म्हणजे बोलणं सोपं. दोन्ही गेजची चाकं ज्याच्यावर चालतात तो सामाईक. त्याच्यापासून १००० मिलिमीटरवर मीटरचा रूळ आणि १६७६ मिलिमीटरवर ब्रॉडचा. म्हणजे मीटरच्या आणि ब्रॉडच्या रुळात ६७६ मिलिमीटरचा फरक. एवढा मोठा फरक आहे हे आपलं नशीब. ५२ किलोच्या रुळाचा तळ १३६ मिलिमीटर रुंद असतो, तेव्हा दोन रूळ शेजारी बसूनही चाकाच्या फ्लँजला जागा उरते. परदेशात १००० आणि १०६७ अशी जोडी जमवायची वेळ आली, तर तीन रुळांत भागतच नाही. ६७ मिलिमीटरमध्ये दुसऱ्या रुळाचा तळसुद्धा मावत नाही, चार रूळ टाकावे लागतात. आपल्याकडे तीन पुरतात.

मात्र तीन रुळांची एक किंमत असते. मीटरगेजच्या डब्याची मध्यरेषा ब्रॉडगेजच्या मध्यरेषेपासून ३३८ मिलिमीटर सामाईक रुळाच्या बाजूला सरकते. सगळी डोकेदुखी इथून सुरू होते, प्लॅटफॉर्मची आणि कपलिंगचीही.

आता हे तुझ्या मॉडेलात कुठे शोभेल ते बघू. आपल्या पडेगावच्या बाजूने दौलताबादकडे जाणारी लाइन निजामाच्या काळातली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची, १९०० च्या सुमारास सुरू झालेली, अस्सल मीटरगेज. ती जिथे संपायची, त्या मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज यायची. प्रवासी सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलायचे आणि माल एका वाघिणीतून दुसरीत जायचा. काचीगुड्याहून मनमाडला येणारी अजंठा एक्सप्रेस याच मीटरगेजवरची. १९९०च्या दशकात औरंगाबादला ब्रॉडगेज आली आणि मनमाडची ही अदलाबदल संपली. तुझ्या वडिलांच्या पिढीला ती आठवत असेल, तुला नाही.

म्हणून म्हणतो, मनमाडची नक्कल करायची असेल तर दोन गेजचे प्लॅटफॉर्म वेगळेच ठेव आणि मधे माल उतरवायची शेड दाखव. तीन रुळांचा तुकडा यार्डात टाक. धान्याच्या गोदामाची सायडिंग, कारखान्याची सायडिंग, इंजिन शेडकडे जाणारा रस्ता, अशा ठिकाणी तो खरा वाटतो. मेन लाइनवर मैलोगणती तीन रूळ पसरून ठेवायचे असतील तर बांगलादेशचं मॉडेल कर. तिथे आपलीच ही दोन गेज, १६७६ आणि १०००, एका स्लीपरवर आजही धावतात. न्यू जलपाईगुडी आणि सिलिगुडीच्या मधेही असे रूळ होते. मराठवाड्यातलाच हट्ट असेल तर एखादं काल्पनिक जंक्शन काढ, लासूर आणि रोटेगावच्या मधे कुठेही. काल्पनिक स्टेशनला कुणी नावं ठेवत नाही. खऱ्या स्टेशनवर नसलेला रूळ दाखवलास तर जुने रेल्वेवाले बोट ठेवतातच, आणि त्यात पहिला मी असेन.

मापाचं बोलू. १:८७ म्हणजे एचओमध्ये खरं ब्रॉडगेज १९.३ मिलिमीटर येतं आणि मीटरगेज ११.५. पण बाजारात मिळतो तो एचओचा १६.५ आणि मीटरसाठी एचओएमचा १२. म्हणजे ब्रॉड आखूड आणि मीटर किंचित रुंद. दोन्ही रुळांमधला फरक खऱ्या मापात ७.८ मिलिमीटर हवा, तो तुला ४.५च मिळणार. डोळ्याला जरा दाटीवाटी दिसते, ते खरं. तरी मी म्हणेन, पहिला सांधा, म्हणजे गाडीला दुसऱ्या लाइनवर वळवणारा तुकडा, १६.५ आणि १२ वरच कर. १९.३ वर स्वतः चाकं बदलून, आस ताणून, इंजिनाचं पोट कापून काम करणारी माणसं आहेत, त्यांना नमस्कार. पण तो दुसऱ्या जन्मातला उद्योग आहे.

तयार मिश्र सांधे मिळतात. युरोपात टिलिग कंपनी एचओबरोबर १२ आणि ९ मिलिमीटरचे तीन रुळांचे भाग काढते. मागवायचे तर मागव. पण त्यांचा सामाईक रूळ कोणत्या बाजूला आणि वळण कोणत्या बाजूला हे त्यांनी ठरवलेलं असतं, आणि तुझ्या यार्डाला नेमकं उलटं लागतं. म्हणून हाताने करायला शीक.

आता मुख्य गोष्ट. सांधा कोणत्या बाजूला वळतो आणि सामाईक रूळ कोणत्या बाजूला आहे, या दोन्हींचं नातं काढून बघ. समज सामाईक रूळ डावीकडे आहे आणि तीन रुळांच्या लाइनमधून फक्त मीटरगेज बाहेर काढायची आहे. ती डावीकडे, म्हणजे सामाईक बाजूला काढलीस, तर तिचा उजवा रूळ सामाईक रुळाला एकदाच छेदतो. क्रॉसिंग एकच. तीच लाइन उजवीकडे काढलीस, तर तिचा डावा रूळ आधी मीटरच्या रुळाला छेदतो, मग ब्रॉडच्या, आणि तिचा उजवा रूळही ब्रॉडच्या रुळाला छेदतो. क्रॉसिंगं तीन. गाडी तीच, लाइन तीच, फक्त बाजू बदलली आणि काम तिप्पट झालं. यार्डाचा नकाशा काढताना मीटरगेजची प्रत्येक सायडिंग सामाईक बाजूला पडेल असं बघ, पुढच्या अनेक रात्री वाचतील.

फक्त ब्रॉडगेज बाहेर काढायची असेल तर कुठल्याही बाजूला दोनच क्रॉसिंगं येतात, त्याची काळजी नको. दोन्ही गेज एकदम वळवायची असतील तरी बाजूने फरक पडत नाही, क्रॉसिंगं तीनच. आणि टंग रेल म्हणजे सांध्याच्या जिभाही तीन लागतात, तिन्ही एकाच पट्टीला बांधलेल्या.

पण ही तीन क्रॉसिंगं कुठे बसतात ते कागदावर काढल्याशिवाय पटत नाही. ९०० मिलिमीटर त्रिज्येचं वळण धर, सामाईक रूळ डावीकडे आणि वळण उजवीकडे. वळणाच्या सुरुवातीपासून मोजलंस तर पहिलं क्रॉसिंग ९० मिलिमीटरवर येतं. वळलेला मीटरचा रूळ सरळ ब्रॉडच्या रुळाला तिथे छेदतो, आणि त्याचा कोन १:१० इतका चिंचोळा. दुसरं १४७ मिलिमीटरवर, सामाईकमधून वळलेला रूळ सरळ मीटरच्या रुळाला छेदतो तिथे, साधारण १:६. तिसरं १७२ वर, तोच रूळ ब्रॉडच्या रुळाला छेदतो तिथे, १:५ च्या जवळ. तिन्हींचे कोन तीन. बाजारातून एकाच कोनाची तीन तयार क्रॉसिंगं आणून चिकटवीन म्हणशील तर जमणार नाही. प्रत्येकाचं नाक, म्हणजे दोन रूळ मिळतात ते टोक, वेगळं घासावं लागेल, आणि १:१० चं नाक सर्वांत लांब, सर्वांत पातळ, सर्वांत नाजूक. तेच सांध्याच्या जिभेला सर्वांत जवळ. म्हणून जिभेची टाच ७० मिलिमीटरच्या अलीकडे संपव, नाहीतर जीभ आणि क्रॉसिंग एकमेकांत घुसतील.

हा हिशेब तुला शाळेतल्या गणितावर करता येतो. अंतराचा वर्ग म्हणजे दुप्पट त्रिज्या गुणिले आडवं सरकणं. आडवं सरकणं पहिल्या क्रॉसिंगला ४.५, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १६.५. कुठलीही त्रिज्या घाल आणि अंतर काढ. टेम्प्लॉटसारखे रुळांचे आराखडे काढणारे प्रोग्राम आहेत, ते वापर, पण एकदा हाताने काढून बघ. कॉम्प्युटर चूक दाखवत नाही, नुसता सुंदर छापतो. खरी मापाची प्रिंट काढ, प्लायवर चिकटव आणि त्याच्यावरच रूळ मांड.

कुर्डुवाडी-मिरज किंवा पाचोरा-जामनेरची ७६२ मिलिमीटरची छोटी गाडी करायची असेल तर १६.५ आणि ९ ची जोडी घे. तिथे दोन रुळांमधला फरक ७.५ येतो, ऐसपैस. पण ९०० च्याच त्रिज्येवर पहिली दोन क्रॉसिंगं ११६ आणि १२७ मिलिमीटरवर, अगदी खांद्याला खांदा लावून बसतात. त्यांना एकच जोड-तुकडा म्हणून सोल्डर करावं लागतं. इकडे आराम, तिकडे अडचण.

आता क्रॉसओव्हर. दोन समांतर लाइनी, दोन्हींवर तीन रूळ आणि मधून जोड. दोन्ही लाइनींवर सामाईक रूळ एकाच बाजूला ठेव, दोन्हीकडे डावा तर डावा. तरच मधल्या जोडातही सामाईक रूळ डावाच राहतो आणि तिन्ही रूळ सरळ जाऊन जुळतात. एका लाइनवर डावा आणि दुसरीवर उजवा ठेवलास, तर मधल्या तिरक्या तुकड्यात मीटरगेजला एका रुळावरून दुसऱ्याकडे सरकवावं लागेल, आणि तिथे जागा नसते. दोन्ही गेजचा क्रॉसओव्हर म्हणजे सहा क्रॉसिंगं. फक्त मीटरगेजचा केलास तर चार: एका टोकाला तीन, दुसऱ्याला एक, कारण एक सांधा सामाईक बाजूला वळतो आणि दुसरा उलट बाजूला.

आणि इथे प्लॅटफॉर्म आडवा येतो. मीटरगेजचा डबा सामाईक रुळाकडे सरकलेला असतो, म्हणून प्लॅटफॉर्म सामाईक रुळाच्या बाजूला हवा. नाहीतर प्रवाशाला दरवाजातून उडी मारावी लागेल. दोन लाइनींच्या मधे एकच प्लॅटफॉर्म असेल, तर एका लाइनला सामाईक रूळ उजवीकडे हवा आणि दुसरीला डावीकडे. क्रॉसओव्हरला मात्र दोन्हीकडे एकाच बाजूला हवा. दोघांचं पटत नाही. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेलाही हीच अडचण होती. तिची स्वतःची ब्रॉडगेज ७ फुटांची, शेजारी ४ फूट साडेआठ इंचांची. १८९२ मध्ये तिने ब्रॉडगेज संपवून टाकली, पण तोवर तिच्या स्टेशनांत प्लॅटफॉर्म येण्याआधी छोटी गाडी एका बाजूच्या रुळावरून दुसऱ्या बाजूला सरकवण्याची सोय रुळांतच केलेली असे.

तू तेच कर. क्रॉसओव्हर यार्डाच्या तोंडाशी, दोन्ही सामाईक रूळ एकाच बाजूला. त्याच्या पुढे प्लॅटफॉर्मच्या आधी एका लाइनवर बाजू बदलून घे. बाजूबदलाला हलता भाग लागत नाही. मीटरगेजचा डावा रूळ सामाईक रुळापासून निमुळता होऊन सुटतो आणि उजवा ब्रॉडच्या रुळाला निमुळता होऊन मिळतो. मीटरचं चाक वळवायचं काम चेक रेल, म्हणजे रुळाच्या आतून लावलेला जास्तीचा रूळ, करते; ती चाकाच्या पाठीला धरून ओढते. सरकणं ४.५ मिलिमीटरचंच असतं, पण त्यासाठी घाई करू नकोस, लांब आणि अलगद वळण दे. विजेच्या दृष्टीनेही इथे काही गुंता नाही, डावा रूळ डावाच राहतो आणि उजवा उजवाच.

चेक रेलवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि मुलं सर्वांत कमी. क्रॉसिंगच्या नाकाशी रुळात फट असते. चाक त्या फटीत भलतीकडे शिरू नये म्हणून समोरच्या रुळाच्या आतून चेक रेल त्याच्या जोडीदाराला धरून ठेवते. हे साध्या सांध्यात सगळ्यांना कळतं. मिश्र सांध्यात एक नाक दोन गेजच्या गाड्या ओलांडतात, म्हणून समोर दोन चेक रेल लागतात. आठव, सामाईक बाजूला वळणारी ती एका क्रॉसिंगची सोपी मीटरगेजची लाइन. तिचं नाक सामाईक रुळात. मीटरची सरळ गाडी तिथून जाताना मीटरच्या रुळाच्या आत चेक रेल हवी. ब्रॉडची गाडी जाताना ब्रॉडच्या रुळाच्या आत हवी. आणि वळणाऱ्या गाडीसाठी वळलेल्या सामाईक रुळाच्या आत तिसरी. ब्रॉडची हमखास राहून जाते, कारण मीटरचा सांधा करताना ब्रॉडचा विचार कोण करतो?

तीन क्रॉसिंगांच्या सांध्यात, वळण ब्रॉडच्या रुळाच्या बाजूला असेल, तर सरळ सामाईक रुळाच्या आत एकच लांब चेक रेल ओढ. ८० मिलिमीटरपासून १९० पर्यंत सलग, दोन्ही टोकं बाहेर वाकवलेली. सरळ जाणाऱ्या गाड्यांसाठी तिन्ही नाकं ती एकटी सांभाळते. दोन तुकडे करून मधे फट सोडण्यात शहाणपणा नाही. तिचं डोकं रुळापेक्षा उंच ठेवू नकोस, कारण सुरुवातीला वळणाऱ्या चाकाची पाटी तिच्यावरून सरपटते.

फट किती ठेवायची? खऱ्या ब्रॉडगेजला क्रॉसिंगसमोर ४४ ते ४८ मिलिमीटर. १:८७ ने भागलं तर अर्धा मिलिमीटर येतो, आणि तेवढ्यात आपलं मॉडेलचं चाक शिरणारच नाही. आपली चाकं खऱ्याच्या मानाने जाडजूड. आरपी-२५ घडणीच्या ११० नंबरच्या चाकाची फ्लँजसकट एकूण रुंदी २.७९ मिलिमीटर आणि फ्लँज ०.७६ जाड. एचओत दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर साधारण १४.४. फट १.२ ठेवलीस तर चेक रेलपासून समोरच्या नाकापर्यंत १५.३ उरतात, आणि चाकाला लागतात १५.१६. सुटतं. फट १.४ केलीस की १५.१ उरतात आणि फ्लँज नेमका नाकावर आपटतो. म्हणजे खेळ एक-दोन दशांश मिलिमीटरचा आहे. मीटरसाठीही तीच रीत: १२ मधून फट वजा कर, उरलेल्यात पाठींमधलं अंतर अधिक एक फ्लँज बसला पाहिजे. चाकं विकत आणलीस की प्रत्येक आस व्हर्नियरने मोज. खोक्यावर छापलेल्या मापावर विश्वास ठेवू नकोस, एकाच खोक्यात दोन मापं निघतात.

एवढ्यासाठी पितळेचं गेज बनवून घे. गोल सळईवर लेथने तीन खाचा: सामाईकची, तिथून १२ वर मीटरची, १६.५ वर ब्रॉडची. सगळी मापं रुळाच्या आतल्या कडेपासून. दुसऱ्या टोकाला १.२ मिलिमीटरची पट्टी चेक रेलच्या फटीसाठी. वाळूज आणि चिकलठाण्यात लेथवर हात बसलेली माणसं ढिगाने आहेत. मापाचं ड्रॉइंग घेऊन गेलास आणि हे खेळण्यातल्या रेल्वेसाठी आहे असं सांगितलंस, तर आधी हसतील आणि मग नेमकं करून देतील. प्लास्टिकचं छापून घेऊ नकोस, सोल्डरच्या उष्णतेने ते वितळतं.

स्लीपरसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी तांब्याचा पत्रा चढवलेली १.६ मिलिमीटरची शीट घे आणि पट्ट्या काप. लांबी ब्रॉडची, ३१ ते ३२ मिलिमीटर, कारण खरा ब्रॉडचा स्लीपर पावणेतीन मीटरचा असतो. रूळ त्यावर सोल्डर होतो, खिळ्यांची कटकट नाही. आणि इथे वीज येते. दोन रुळांवर चालणाऱ्या गाडीला एक तार डाव्या चाकाची, दुसरी उजव्या चाकाची. मिश्र लाइनवर सामाईक रूळ एका तारेला, मीटरचा आणि ब्रॉडचा दोन्ही दुसऱ्या तारेला. दोघांना वेगवेगळ्या तारा कधी देऊ नकोस. त्यामुळे स्लीपरवर एकच खाच पाडावी लागते, सामाईक आणि मीटरच्या मधे. मीटर आणि ब्रॉडच्या मधे तांबं तसंच राहू दे. चेक रेलच्या खालची खाच मात्र विसरू नकोस.

क्रॉसिंगचं नाक जिवंत ठेवायचं, म्हणजे गाडी तिथे अडखळत नाही, तर सांधा पलटला की नाकाची तारही पलटावी लागते. पण तिन्ही नाकांची नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रॉसिंगला सामाईकमधून आलेला रूळ विरुद्ध तारेच्या रुळाला छेदतो, ती दोन पलटायला लागतात. पहिल्याला, त्या १:१० वाल्याला, मीटरचा रूळ ब्रॉडच्या रुळाला छेदतो, आणि दोघेही एकाच तारेचे. तिथे काही पलटायचं नाही, तार सरळ जोडून टाक. सर्वांत नाजूक नाक विजेला सर्वांत सोपं निघतं. क्रॉसओव्हरच्या मधल्या तिरक्या तुकड्यात तिन्ही रुळांना इन्सुलेटेड जोड घाल, नाहीतर एका लाइनची वीज दुसरीवर चढते.

आपल्या पडेगावचा उन्हाळाही हिशेबात धर. गच्चीवरच्या खोलीत मांडणार असशील तर डिसेंबरच्या पहाटेला आणि मे महिन्याच्या दुपारला ३० अंशांचा फरक सहज पडतो. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ तेवढ्या फरकात साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. रूळ हिवाळ्यात टाकलास तर दर मीटरला अर्ध्या मिलिमीटरची फट सोड. क्रॉसओव्हरच्या आत फट नको, तिथे सगळं सोल्डरने जखडलेलं असतं. दोन्ही टोकांना सोड. खाली १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. एमडीएफ वापरू नकोस, पहिल्याच पावसाळ्यात तो फुगतो आणि तू जपून आणलेलं १.२ मिलिमीटर कुठल्या कुठे जातं.

आता क्रॉसओव्हरची लांबी. दोन लाइनींमधे ५० मिलिमीटर धर. ९०० त्रिज्येवर वळण तिसऱ्या क्रॉसिंगशी संपवलंस, तर मधे सरळ तुकडा जेमतेम ८९ मिलिमीटरचा येतो आणि अख्खा क्रॉसओव्हर ४३ सेंटिमीटरचा. आयसीएफ कारखान्याचा प्रवासी डबा २१.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २४५ मिलिमीटर. एका वळणात त्याचा पुढचा ट्रक आणि उलट्या वळणात मागचा. कपलिंग एकमेकांना ढकलून डबे बाहेर काढतात. त्रिज्या १८०० केलीस तर सरळ तुकडा १२५ आणि एकूण लांबी ६१ सेंटिमीटर. जागा असेल तर ही दे. नसेल तर पॅसेंजर गाडी क्रॉसओव्हरवरून नेऊच नकोस. तिथे वाघिणी आणि शंटिंगचं इंजिन चालव, खऱ्या यार्डातही तेच चालतं.

आणि एका इंजिनाने दोन्ही गेजच्या वाघिणी ढकलायच्या म्हणशील, तर मध्यरेषांतला फरक आठव. तुझ्या मापात तो सव्वादोन मिलिमीटर आहे. कपलिंग तिरपं लागतं आणि वळणावर हमखास सुटतं. दोन गेजची दोन इंजिनं ठेव.

तपासणी या क्रमाने. आधी सुटा आस घे, दोन चाकं आणि मधली सळई, आणि बोटाने ढकलत प्रत्येक नाकावरून ने, दोन्ही दिशांनी, दोन्ही वाटांनी. मीटरचा वेगळा, ब्रॉडचा वेगळा. कुठे टक् झालं तर तिथेच थांब, पुढे जाऊ नकोस. मग रिकामी वाघीण ढकल. ओढू नकोस; ओढलेली गाडी खराब सांध्यावरूनही जाते. शेवटी इंजिन, ब्रॉडला डब्ल्यूडीएम-२, मीटरला वायडीएम-४. दोन्हींच्या ट्रकमधे तीन-तीन आस, वळण चुकलं असेल तर मधला आस लगेच बोलतो. वायपीसारखं वाफेचं इंजिन असेल तर तेही चालव, पुढची छोटी चाकं नाकावर सर्वांत आधी घसरतात.

सहा क्रॉसिंगांचा क्रॉसओव्हर पहिल्याच दिवशी घेऊ नकोस. आधी मीटरगेज सामाईक बाजूला वळवणारा एक सांधा कर: एक क्रॉसिंग, तीन चेक रेल. ब्रॉडची वाघीण त्याच्यावरून मागून ढकलून, दोन्ही दिशांनी न पडता गेली, की मग मोठा आराखडा प्लायवर चिकटव.